सादिरकुलच्या नावाची फीत

उल्कान माणसाला त्याच्या नाडीवरून ओळखते आणि मग त्याच्याशी ओळख ठेवत नाही. एकतीस वर्षं ती तालुक्याच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावरच्या सात नंबरच्या खोलीत हृदयाच्या पट्ट्या काढते आहे. नारिनच्या खोऱ्यातल्या निम्म्या छात्या तिनं उघड्या पाहिल्या, त्यातली एकही तिला विशेष वाटली नाही. घोड्यावरच्या खेळात बोकडाच्या धडासाठी एकमेकांची हाडं मोडणारे गडी तिच्या खाटेवर गार चिमटा लागला की कोकरासारखे बें बें करतात. शाळेचा मुख्याध्यापक येतो आणि म्हणतो, "एजे, जरा चांगली काढा," जणू फोटो काढून घ्यायला आलाय. डॉक्टर येतात, दोन वर्षं राहतात, आणि जरा कामाचे व्हायला लागले की बिश्केकला नाहीतर जर्मनीला पळतात. सध्याचा डॉक्टर एर्निस, वय एकोणतीस. तो तिला "एजे" म्हणतो ते मोठी बहीण म्हणून नाही, भीतीनं. हे तिला ठाऊक आहे आणि आवडतंही.

तिची एक ठरलेली शिकवण आहे, ती ती प्रत्येकाला ऐकवते. कुणी छाती फुगवून म्हणालं, "माझं हृदय घड्याळासारखं चालतं," की ती चष्म्यावरून बघते. "मग मौलवींना सांगून ठेवा," म्हणते. "घड्याळासारखं चालणारं हृदय थकलेलं असतं. धडधाकट हृदयाचे दोन ठोके कधी सारख्या अंतरावर पडत नाहीत. श्वास घेतला की जरा घाई, सोडला की जरा सैल. झोपेत रमतगमत, चढावर पळत. जे हृदय कशालाच दाद देत नाही, शिपायासारखं एका तालात पाय आपटत राहतं, ते मालकाला सोडून जायच्या बेतात असतं." चोवीस तास छातीला लावून ठेवायच्या यंत्रातून, ठोक्यांमधलं हे अंतर किती बदलतं त्याचा एक आकडा निघतो. शंभराच्या वर असला तर माणसानं खुशाल घरी जावं; पन्नासच्या खाली गेला तर घरच्यांनी एकत्र बसून बोलावं. आता यंत्रात चिप असते, पण उल्कान अजून तिला फीतच म्हणते. नव्या वस्तूंना नवी नावं देण्याइतकी किंमत ती देत नाही.

सप्टेंबरच्या शेवटी सादिरकुल आला. अडुसष्ट वर्षांचा, विधुर. एकेकाळी सामुदायिक शेताच्या वैरणीच्या गोदामावर साहेब होता. बारा वर्षांपूर्वी त्याला हृदयविकाराचा एक झटका आला होता, किरकोळच. हृदयाच्या नळीत जाळी बसवली, महिन्याभरात घोड्यावर बसायला हरकत नव्हती. पण सादिरकुलला दुखण्याची गोडी लागली. लोक "माझा घोडा" म्हणतात तसा तो "माझं हृदय" म्हणायला लागला. बारा वर्षांत त्यानं पाण्याची बादली उचलली नाही, गवताची काडी हलवली नाही. मेजवानीला मानाच्या जागी बसायचं, मेंढीच्या डोक्याचा मान घ्यायचा, आणि उठायची वेळ आली की छातीवर हात ठेवायचा. मुलगा रशियात बांधकामावर. घरी सून, तीन मुलं, चार गायी, साठ मेंढ्या, आणि सासऱ्याचं हृदय. हे सगळं सूनच सांभाळायची.

त्या दिवशीही म्हातारा पुढे, फेल्टची उंच टोपी सावरत. मागे सून, त्याचा कोट, त्याची पिशवी, त्याची उशी घेऊन. जिना चढून वर आली तेव्हा ती भिंतीला टेकून धापा टाकत होती.

"वय काय गं तुझं?" उल्काननं विचारलं.

"एकतीस, एजे."

"एकतीस! मी एकतिसाव्या वर्षी दोन पोरं काखेत घेऊन हाच जिना चढत होते. लोण्यावर जरा हात आखडता घे."

सून हसल्यासारखं करून खाली बघत राहिली. तिचे पाय रबरी बुटांत मावत नव्हते, बुटांच्या कडेवरून फुगून आले होते. उल्काननं ते पाहिलं आणि आजकालच्या सुना कशा खाऊन सुटतात याबद्दल मनात दोन वाक्यं बोलून घेतली.

मग तिनं सादिरकुलच्या छातीवर वस्तऱ्यानं सहा जागा साफ केल्या.

"हळू गं उल्कान. हृदयाचा पेशंट आहे मी."

"माहीत आहे बाइके. बारा वर्षं ऐकतेय." वयानं मोठ्या पुरुषाला बाइके म्हणायचं, तेवढी रीत पाळत तिनं चिकट चकत्या दाबून बसवल्या. "चोवीस तास हे काढायचं नाही. नेहमीसारखं वागायचं. आणि किती वाजता काय केलं ते या कागदावर लिहायचं."

"लिहायला सून आहे."

"तिच्याकडून लिहून घ्या, पण वागायचं तुम्ही."

दुसऱ्या दिवशी यंत्र घेऊन सून एकटीच आली. चकत्या सोललेल्या, तारा गुंडाळलेल्या. यंत्र उल्काननं स्वतःच्या हातानं काढायचं असा नियम होता, आणि नियम उल्काननंच केला होता. पण त्या दिवशी दारात चौदा माणसं होती आणि सुनेकडे बघून तिला डोकं खपवावंसं वाटलं नाही. "ठेव तिकडं," म्हणाली, "आणि जा."

संध्याकाळी फीत पाहिली आणि ती सरळ बसली. आकडा चौतीस. चोवीस तासांत नाडी एकदाही शंभराच्या खाली आलेली नाही, झोपेतसुद्धा नाही. रात्रभर तोच एकसुरी ताल, आणि मधूनमधून खालच्या कप्प्यातून सुटलेले चार-चार, सहा-सहा वेडेवाकडे ठोके. पहाटे पाचपासून नाडी एकशेचाळीसवर. कागदावर मात्र सुबक अक्षरात लिहिलेलं: पाच वाजता, झोपलेले. सहा, अंथरुणात चहा. सात, आराम. आठ, आराम.

"खोटारडा," उल्कान खूश होऊन म्हणाली. पहाटे पाचला म्हातारा उठून कुठं जातो ते तिनं तिथल्या तिथं ठरवूनही टाकलं: नदीपलीकडच्या लोकर विणणाऱ्या विधवेकडे. त्या विधवेबद्दल तिचं मत आधीपासूनच वाईट होतं, त्यामुळे फार विचार करावा लागला नाही.

एर्निसनं सादिरकुलला परत बोलावून हृदयाची सोनोग्राफी केली. करताना त्याच्या कपाळावर आठी पडली.

"एजे, हृदय तर चांगलं आकसतंय. दर ठोक्याला अठ्ठावन्न टक्के रक्त बाहेर फेकतंय. या वयात इतकं म्हणजे उत्तम. मग फीत अशी कशी?"

"तुमचं मशीन जुनं झालंय."

"आणि छातीवर चकत्यांच्या खुणाही दिसत नाहीत. दोन दिवस तरी राहतात ना?"

"कातडं बघायला शिकवतात वाटतं हल्ली कॉलेजात? ठोके बघा. फीत खोटं बोलत नाही, माणसं बोलतात. बिश्केकला पाठवा."

एर्निसनं तीच फीत बिश्केकच्या हृदयाच्या इस्पितळात पाठवली. तिकडून दुसऱ्याच दिवशी निरोप आला: पेशंट गंभीर आहे, दोन आठवड्यांत खाट देतो, तोवर काडीचेही श्रम नकोत.

मग काय विचारता. बारा वर्षं सादिरकुल नुसता पेशंट होता, आता तो गंभीर झाला. बिश्केकचा शिक्का बसला. बघायला माणसं येऊ लागली. आलेल्याला चहा, लोणी, कणकेची तळलेली बोरसोक, मांस. तो सात गाद्यांवर टेकून धीरोदात्तपणे सांगायचा, "आपल्या हातात काय आहे? फीत बोललीय." आता तो पाण्याचा पेलाही स्वतः उचलत नव्हता. तोंड धुवायला सून तांब्या धरायची, बूट सून काढायची, घराबाहेरच्या संडासापर्यंत त्याला सूनच हात धरून न्यायची. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात, तसला प्रकार होता. पण म्हैस कुठली आणि पखाल कुठली हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, आणि जिला माहीत असायला हवं होतं ती सात नंबरच्या खोलीत बसून विधवेला नावं ठेवत होती.

खाट मिळाल्याचा कागद आला तेव्हा तो न्यायला सूनच आली. डॉक्टर त्या दिवशी नारिनला बैठकीला गेला होता. बराच वेळ झाला तरी पावलं वर येईनात, म्हणून उल्कान ओरडायला जिन्यावर गेली. सून अर्ध्या जिन्यात बसली होती. ओठ निळे. एका हातानं कठडा धरलेला, दुसऱ्या हातानं गळ्याचा रुमाल ओढून सैल करत होती. रुमाल सुटला तशी गळपट्टीच्या खाली, हाडाजवळ, तपकिरी गोल डाग दिसला. त्याच्या पलीकडे दुसरा. चकत्यांचा डिंक काहींच्या कातडीला सोसत नाही, फोड येतात आणि महिनाभर डाग राहतात. असे डाग उल्काननं शेकडो पाहिले होते.

तिनं खाली बसून तिचं मनगट धरलं. घड्याळाकडे बघायची गरजच पडली नाही. ती चौतीसची फीत तिच्या तीन बोटांखाली चालली होती: पाय आपटत, एका तालात, मध्येच अडखळत.

"हे यंत्र तू घातलं होतंस?"

"अताकेंना खाजत होतं, एजे." सासऱ्याला ती अताके म्हणायची. एकेका शब्दाला थांबत बोलत होती. "आणि त्यांना शेजारी लग्नाला जायचं होतं. म्हणाले, तू घाल. जशी त्यांना लावली होती तशीच लावली मी, एकही इकडची तिकडं केली नाही. चुकलं का काही?"

"आणि पहाटे पाचला काय करत होतीस?"

"धारा काढत होते. पण ते कसं लिहिणार? त्यांचा कागद होता ना. म्हणून ते काय करत होते ते लिहिलं."

"धापा केव्हापासून?"

"धाकटीच्या बाळंतपणापासून. दहा महिने झाले. तुम्ही म्हणाला होता लोणी कमी खा, तर कमी केलं मी."

उल्कानला शरमेनं जिन्यावरून उडी टाकावीशी वाटली. बाळंतपणात खचलेलं हृदय, सुजलेले पाय, सगळं तिच्या नाकासमोरून वर चढून आलं होतं आणि तिनं त्याला लोण्याचा उपदेश केला होता. एर्निससारख्या कालच्या पोरानं खुणा नाहीत म्हणून सांगितलं, तेही हसण्यावारी नेलं. आणि आता काडीचेही श्रम नकोत हा सल्ला पोचला होता कुणाला, तर सात गाद्यांना. पण शरमेत बसून राहणं तिच्या रक्तात नाही. दुसऱ्याचा राग आला की तिला बरं वाटतं. तिनं इस्पितळाच्या गाडीत सुनेला घातलं आणि सादिरकुलचं घर गाठलं.

तिथं निरोपाची मेंढी कापली होती. अंगणात कढईखाली जाळ, आत पंधरा-वीस पाहुणे. सुनेला बघताच कुणीतरी हाक मारली, "अगं सूनबाई, कुठं होतीस? चहा संपला!" आणि ती खरंच किटलीकडे वळली. उल्काननं तिला दंडाला धरून ओसरीवर बसवलं, "हललीस तर बघ" म्हणाली, आणि सादिरकुलला मागच्या खोलीत बोलावून घेतलं.

"बाइके, यंत्र कुणी घातलं होतं?"

त्यानं लाजसुद्धा दाखवली नाही. "सुनेनं. का?"

"का? अहो, तुमचं हृदय तपासायचं होतं!"

"हे बघ उल्कान, घरातलं जड काम सूनच करते. धुणं ती, पाणी ती, मेंढ्या ती. तारा घालून दिवसभर फिरणं हेही कामच की. वर माझंच नाव होतं, माझ्याच घरात चाललं. मग फीत माझीच."

"मग ऐका. तुमचं हृदय अठ्ठावन्न टक्के आहे. घोड्याला लावलं तर घोडा जिंकेल. मरायला टेकलंय ते तिचं."

सादिरकुलचा चेहरा उतरला. सुनेबद्दल ऐकून नाही. अठ्ठावन्न टक्के ऐकून. बारा वर्षांची इभ्रत कुणीतरी गादीखालून ओढून घ्यावी तसा तो बसल्या जागी खचला.

"तिला काय धाड भरलीय? तरणी आहे. पाचला उठते."

"म्हणूनच."

"हळू बोल." त्यानं दाराकडे बघितलं. "बाहेर लोक बसलेत. मेंढी कापलीय. इमामानं दुवा मागितलीय माझ्यासाठी. आता मी काय सांगू, की पेशंट मी नाही, सून आहे? सुनेसाठी मेंढी कापली म्हणू? तोंड कुठं दाखवू?"

उल्काननं त्याच्याकडे असं बघितलं जसं चहात पडलेल्या माशीकडे बघतात. भांडायचं म्हटलं तर दिवस गेला असता, आणि ओसरीवरच्या बाईकडे दिवस किती होते कोण जाणे. म्हणून तिनं डोकं चालवलं.

"कुणाला काही सांगू नका. कागद तुमच्या नावाचा आहे, तुम्हीच जा. टोपी घालून, दुवा घेऊन. सोबतीला कोण येणार?"

"भाऊ येतो म्हणतोय."

"भाऊ तुमचे बूट काढणार? तांब्या धरणार?"

सादिरकुलनं विचार केला. "छे. त्याला सूनच पाहिजे."

"मग तिलाच न्या. आत्ता, या मिनिटाला. पुढचं बिश्केकचे लोक बघतील."

म्हाताऱ्याच्या जिवात जीव आला. बाहेर जाऊन त्यानं छातीवर हात ठेवला आणि जाहीर केलं की तब्येत बिघडतेय, आजच निघावं लागेल. बाया रडल्या. पुरुषांनी तळवे वर करून दुवा मागितली आणि चेहऱ्यावरून हात फिरवले. तिन्ही मुलं चुलत जावेच्या हवाली झाली. धाकटी अंगावर पिणारी, ती आईच्या ओढणीला धरून किंचाळत होती. ओढणी सोडवताना सुनेनं पहिल्यांदा उल्कानकडे सरळ बघितलं.

"एजे, आजारी मीच आहे का?"

"हो."

"मग अताकेंना बरं आहे ना?"

"त्यांना काही होत नाही. तू नुसती बस. गाडीतही त्यांचं काही करू नकोस."

टॅक्सीत मागच्या सीटवर म्हातारा आडवा झाला आणि सून कोपऱ्यात अंग चोरून, त्याचे पाय मांडीवर घेऊन बसली. उल्काननं दार उघडलं, ते पाय उचलून खाली टाकले आणि दार लावलं. सात तासांचा रस्ता, मध्ये डोलोनची खिंड.

खोलीत परतून तिनं बिश्केकला तमाराला फोन लावला. तमारा तिची नर्सिंगच्या वर्गातली मैत्रीण, आता त्या इस्पितळात मुख्य परिचारिका. "सादिरकुल नावाचा माणूस येतोय. त्याला हात लावू नका, तो ठोंब्या आहे. त्याच्याबरोबर सून आहे, फीत तिची आहे. दारातच तिला उचला." तमारा म्हणाली, समजलं. उल्काननं फोन ठेवला आणि स्वतःवर खूश झाली. म्हाताऱ्याची अब्रू राखली, इमामाची दुवा राखली, बाई पोचती केली, आणि हे सगळं कुणाचा शहाणपणा न ऐकता. इतक्या मूर्खांच्या गावात एक तरी डोकं आहे, असं तिला वाटलं. त्या आनंदात तिनं वाटीभर दही खाल्लं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. सादिरकुल होता. पण आवाज त्याचा वाटत नव्हता. गाद्या काढून घेतल्यावर माणूस जसा बोलेल तसा तो बोलत होता.

"उल्कान, दारातच पडली ती. आत नेलीय. मला बाहेर बसवलंय, स्टुलावर. रात्रभर."

"जिवंत आहे ना?"

"ठोके परत आणले म्हणतात. नळ्या घातल्यात. पण डोळे उघडत नाही." मागे कुणीतरी बाई रशियन हेलात काही विचारत होती. "इथली पोरगी म्हणते, नावानं हाक मारायचीय. कानाशी जाऊन हाक मारली की कधीकधी येतात म्हणे शुद्धीवर. मी सांगितलं, लिही, सादिरकुलची सून. ती म्हणते ते नाव नाही."

"मग नाव सांगा की!"

पलीकडे स्टूल करकरलं.

"आम्ही सूनबाईच म्हणतो," तो म्हणाला. "लग्नात सांगितलं होतं काहीतरी. अकरा वर्षं झाली."

"पासपोर्ट बघा तिचा."

"माझाच आणलाय. पेशंट मी होतो ना."

"मुलाला विचारा!"

"मघापासून लावतोय. तो वर उंचावर असतो दिवसभर, फोन खाली ठेवायला लावतात." आणि मग तो चक्क रडायला लागला. "तू सांग ना, उल्कान. तुझ्याकडं सगळ्यांचं लिहिलेलं असतं."

उल्काननं वही ओढली. तिच्या वहीत खोऱ्यातलं प्रत्येक हृदय नोंदलेलं होतं. पान सापडलं. सादिरकुल, वय अडुसष्ट, आकडा चौतीस. खाली, दोन आठवड्यांनंतरची ओळ, तिच्याच ठसठशीत अक्षरात: बिश्केकला रवाना, सोबत सून. तिनं पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं. जिन्यावर तिनं वय विचारलं होतं. धापा केव्हापासून ते विचारलं होतं. पहाटे पाचला काय करत होतीस तेही विचारलं होतं.

"उल्कान? ती पोरगी थांबलीय इथं."

तिला स्वतःची किळस आली.

"मला माहीत नाही, बाइके," ती म्हणाली. फोन तसाच टेबलावर टाकून, दारातल्या माणसांना ढकलत ती जिना उतरली आणि कोट न घालता सादिरकुलच्या घराच्या दिशेनं पळत सुटली. वाटेत जो कुणी भेटेल त्याला ओरडून विचारत, की त्या घरच्या सुनेचं नाव काय आहे.